सासूबाई, वड्या अन् तुफान

कार्तिक, मंगळवार, संध्याकाळ

समुद्रातलं तुफान इकडं येऊ शकते म्हणते टीव्हीवाला. नाही तं वाटेतच विरून जाऊ शकते म्हणते. मंग आमी करावं तं काय?

सासूबाई तिकडं कुरुद गावात, टिनाच्या छपराच्या खोलीत एकटी. आज आनाले गेली तं म्हणे, "मागच्या बारीले बी नेलं तू मले. पानी आलाच नाही, वाळू घातलेल्या कोहळ्याच्या वड्या मात्र कावळ्यांनी खाल्ल्या." वड्या राखून राहिली बुढी! मी चिडली, स्कूटर फिरवली, एकटीच सेक्टरातल्या माह्या पक्क्या घरी आली.

आता हवा सुटली. टीव्हीवाला अजून "येऊ शकते" वरच. कंटाळा आला या "शकते"चा. जाते परत. तिले स्कूटरवर मागं बसवते, वल्या वड्यांची परात तिच्या मांडीवर देते. तुफान नाही आलं तं हसू दे माह्यावर, पन माह्या घरात बसून हसू दे.