आईच्या ट्रकसाठी नवं कार्ड

अण्णा, आईचा ट्रक गेल्या आठवड्यात तीनदा बंद पडला, तिन्ही वेळा भर रस्त्यात, आणि तिसऱ्यांदा तर वीस टन बटाट्यांसकट. दचकू नका. ट्रक खरा नाही, संगणकावरच्या खेळातला आहे. आई मात्र अगदी खरी आहे, एक्याऐंशीची, आणि दुपारी चारची कॉफी झाली की पदर खोचून नातीच्या टेबलाशी बसते आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिचं बाहेर जाणं कोपऱ्यावरच्या गणपतीपुरतं उरलं, तेव्हा माझी मुलगी एक दिवस तिला म्हणाली, "आजी, चल, फिरायला जाऊ," आणि जर्मनीत घेऊन गेली. आई जर्मनी वगैरे मानत नाही. तिच्या लेखी जगातले सगळे मोठे रस्ते म्हणजे तुमकूर रोड. पुढची गाडी रेंगाळली की ती हॉर्नवर हात ठेवून म्हणते, "सरक की रे स्वल्प, रस्ता काय तुझ्या अप्पाचा?" तुम्ही तिला स्कूटर शिकवली नाहीत, आठवतं? ती दर वर्षी मागायची आणि तुम्ही म्हणायचात, "तुला कशाला? मी आहे ना." हे विधान किती वर्षं खरं राहील याचा तुम्ही विचार केला नव्हता. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आई आता ट्रेलर लावलेला ट्रक रिव्हर्समध्ये घालते.

तर हा ट्रक बंद पडायचा म्हणजे पडदाच काळा व्हायचा आणि संगणक निपचित. तुम्हाला समजेल असं सांगतो. या यंत्राच्या पोटात हिशेब करणारा कारागीर वेगळा आणि पडद्यावर चित्रं रंगवणारा वेगळा असतो. त्या दुसऱ्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, आणि काम करताना तो इतका तापतो की त्याला स्वतःचा पंखा दिलेला असतो. आम्ही संस्कृतवाले धूर दिसला तरच अग्नीचं अनुमान करतो. मुलीला धुराची गरज पडली नाही. तिनं जाळीतून टॉर्च मारला आणि म्हणाली, "पंखा फिरतच नाहीये, अप्पा. कार्ड आठ वर्षांचं आहे, त्याचं वय झालं." आई म्हणाली, "आठ वर्षांत वय होतं? माझं शिवणयंत्र पंचावन्न वर्षांचं आहे." पण दुसऱ्या दिवशी चार वाजता ती कॉफीचा पेला घेऊन त्या काळ्या पडद्यासमोर नुसतीच बसली, आणि त्यानंतरच्या दिवशी बसलीसुद्धा नाही. खोलीत जाऊन पडून राहिली. तेव्हा मी आणि मुलगी मेट्रोनं चिकपेटला उतरलो आणि एस. पी. रोडच्या संगणक-बाजारातून नवं कार्ड आणलं. दुकानदार म्हणाला, मशीन आणून द्या, बसवून देतो, पण गर्दी आहे, "एंटु दिना आगुत्ते सार," म्हणजे आठ दिवस. आठ दिवस आईला तसं पाहायची माझी तयारी नव्हती.

आता अडचण ऐका. हे काम मुलीच्या डाव्या हातचा मळ, पण डाव्याच हातचा, कारण महिन्यापूर्वी ती स्कूटरवरून पडली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. (आई लगेच म्हणाली, "ह्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं." तुमची बाजू घ्यायची ही एवढी एकच वेळ, मुद्दाम कळवतो.) तेव्हा हात माझे लागणार होते. ते कळल्यावर आई खोलीतून उठून आली. "ह्याच्या हातून? नको गं बाई. दुकानात द्या. मी आठ दिवस पोथी वाचीन." अण्णा, ही तुमची कृपा. तुमचं ते एक वाक्य आमच्या घरात वेदवाक्य होऊन बसलं आहे.

आठवा, मी तेरा वर्षांचा आहे. आयुधपूजा. तुम्ही मला यशवंतपूरच्या कारखान्यात घेऊन गेला आहात. लेथना शेवंतीच्या माळा, दारात फोडायला कोहळा, टोपलीत चुरमुरे, आणि तुम्ही फोरमन म्हणून पांढऱ्याशुभ्र शर्टात. मला पाठ असलेले सगळे मंत्र मी म्हणून टाकतो, कामगार कौतुकानं बघतात, आणि त्या भरात मी तुमच्या सर्वांत लाडक्या लेथच्या बेडवर, जिथून कॅरेज मागेपुढे सरकतं त्या आरशासारख्या पट्ट्यांवर, ओंजळभर हळदकुंकू आणि अक्षता वाहतो. तुम्ही शर्टाच्या बाह्या दुमडता, घासलेटचा डबा घेता आणि तासभर ती पट्टी पुसत राहता, कणन् कण. मग माझ्याकडे न बघता म्हणता, "कुंकू अंगाला लावायचं, बेडला नाही. बारीक खर जाते आत, पट्टीला चरे पडतात. तुझा हात यंत्राचा नाही बघ. तू पुस्तकं धर." येताना तुम्ही मला मसाला दोसा खाऊ घातलात, स्वतःच्या ताटातला अर्धाही मला दिलात, तुमच्या लेखी प्रकरण दोशाबरोबर संपलं. पुढच्या महिन्यात जुन्या बाजारातून संस्कृतचा कोश आणलात. त्याच्या पुठ्ठ्यावर तुमच्या अंगठ्याचा तेलकट ठसा अजून आहे. त्या कोशावर मी आयुष्यभर पोट भरलं, कॉलेजात पोरांना धातू शिकवले, तक्रार काही नाही. पण चाळीस वर्षांत या घरात खिळा ठोकायलासुद्धा मला कोणी हाक मारली नाही.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. मुलीनं आज्ञा सोडल्या: वायर काढ, पत्र्याला हात लाव म्हणजे अंगातली वीज उतरेल, बाजूचे दोन स्क्रू फिरव. पत्रा निघाला आणि मुलगी जमिनीवर बसून हसायला लागली. मला आधी कळेना. मग पाहिलं. आत तळाशी तांदूळ होते. पिवळे. त्यांच्यावर कुंकवाचा थर, वाळलेल्या पाकळ्या, आणि कापराची एक अख्खी वडी. दर आयुधपूजेला मी या संगणकाची यथासांग पूजा करतो, घरात दुसरं आयुध आहेच कुठे, आणि कॅबिनेटला वरून जाळी आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. "अप्पा, हे कॅबिनेट आहे की तबक?" मुलगी डोळे पुसत विचारत होती. आई काठी टेकत आली, वाकली, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकच शब्द बोलली: "पुन्हा?"

मी रंगाच्या ब्रशनं सगळं झाडलं. आई खोलीत परतली, मुलगी मध्येच कॉफी आणायला आत गेली, तेवढ्यात जुनं कार्ड मी एकट्यानं उपसून काढलं, याची नोंद घ्यावी. नवं भलतंच जड, विटेएवढं. त्याच्या कडेला सोनेरी दात आहेत, ते खालच्या खाचेत बसवून दाबायचं. मी दाबलं. "जोरात, अप्पा." "मोडेल." "नाही मोडत. तू काय अर्घ्य सोडतोयस?" मी दाबलं, आणि टक् असा आवाज आला. अण्णा, तो आवाज तुम्ही रोज ऐकला असेल, दोन वस्तू एकमेकींसाठी घडवल्या आहेत असं सांगणारा. मी त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. मग स्क्रू, मग जाड वायर, मग पत्रा. "एक स्क्रू उरला," मुलगी म्हणाली. मी म्हटलं, "तो प्रक्षिप्त आहे." तिनं तो मूळ संहितेत घालायला लावला.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. खुर्चीत सज्ज बसलेल्या आईनं स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "असू दे रे," ती म्हणाली, "तू तरी काय करणार."  मुलगी मात्र टेबलामागे वाकली आणि ओरडली, "अप्पा! पडद्याची वायर भलत्याच भोकात! ती नव्या कार्डात लाव." लावली. आणि उजाडलं. अक्षरशः उजाडलं, कारण आईच्या त्या रस्त्यावर सकाळ होती. झाडांना आता पानं होती, एकेक सुटी. आईनं गियर टाकला, थोडी पुढे गेली आणि एकदम म्हणाली, "अगं! आरशात मागचं दिसतंय!" जुन्या कार्डाला झेपत नव्हतं म्हणून मुलीनं ट्रकचे आरसे बंद ठेवले होते, आई इतके महिने मागचं न बघता चालवत होती. आता ती दर दहा पावलांना आरशात बघते, मागच्याला नावं ठेवते आणि त्याला पुढे जाऊ देत नाही. तासाभरानं बटाटे पोचते करून तिनं मान न वळवता विचारलं, "कॅबिनेटच्या त्या बाजूचा पत्रा सैल वाटतो, घट्ट करतोस का रे?" मी केला. हाक मला मारली होती, मुलीला नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, पत्ताही ठाऊक नाही, आणि घरात कोणाला वाचूनही दाखवणार नाही. त्याचं कारण असं. मुलगी कॉफी आणायला आत गेली तेव्हा जुन्या कार्डाच्या पंख्याला हाराचा एक दोरा गुंडाळलेला मला दिसला. मी तो नखानं सोडवला, बोटानं टिचकी मारली, आणि पंखा गरगर फिरला. त्याला काहीही झालं नव्हतं. तेच परत लावलं असतं तर आईचा ट्रक त्याच दुपारी निघाला असता. मी ते रिकाम्या खोक्यात घातलं, खोकं माळ्यावर सारलं, नव्याचं वेष्टण फाडलं, आणि आत हाक मारली, "चल, ये लवकर, नवं बसवायचंय."