रेडफर्न नावाची मोठी माणसं

लेकफील्ड, ओंटारिओ
ता. १४ जानेवारी १९७१

प्रिय लोइस,

स.न.वि.वि. इकडे सारे सुखरूप. तूही खुशाल असशील असं धरून चालते, कारण नाताळनंतर तुझं पत्र नाही. कागद पाठकोरा आहे म्हणून हसू नकोस. चर्चच्या स्ट्रॉबेरीच्या जेवणाची शंभर हँडबिलं उरली होती. एक बाजू देवाच्या कामी आली, दुसरी आपल्या.

आईंचा पाय आता जमिनीला टेकतो. बर्फावर पडल्यापासून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून असतात, आणि बसून राहिलं की माणूस बोलतं. मागच्या मंगळवारी सफरचंदं सोलता सोलता एकदम म्हणाल्या, की मर्टल, मला एक भाऊ आहे. मी सुरी खाली ठेवली.

त्यांना इंग्लंडात कुणी उरलं नव्हतं, एवढंच आपण ऐकत आलो. ते खरंच आहे. पण त्या एकट्या आल्या नव्हत्या गं. शेतावर कामाला म्हणून तिकडची अनाथ मुलं बोटीत भरून इकडे पाठवत, त्यातल्या त्या. तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, आणि हाताला धरलेला विल्फ्रेड सहा वर्षांचा. इथल्या होममध्ये, म्हणजे अशा मुलांच्या आश्रमात, शेतकरी येऊन आपापलं मूल निवडत. विल्फला एकाने नेलं, आईंना दुसऱ्याने. त्याला एकसष्ट वर्षं झाली. ते होम कधीच बंद पडलं, आणि त्याच्या वह्या कुठे गेल्या ते कुणालाच ठाऊक नाही.

आपल्याजवळ आहे ते फक्त त्यांचं माहेरचं आडनाव, रेडफर्न. एवढ्या मोठ्या देशात साध्यासुध्या रेडफर्नचा पत्ता कोण देणार? पण मोठ्या माणसांचे पत्ते छापलेले असतात. पीटरबरोच्या वाचनालयात नामवंतांचा एक जाडजूड कोश आहे. त्यातून आणि वर्तमानपत्रांतून मी पाच रेडफर्न वेचले. हॅलिफॅक्सचे न्यायाधीश, सडबरीचा हॉकीचा गोलरक्षक, शेवाळावर पुस्तक लिहिणाऱ्या एक बाई, टोरोंटोचे धर्मोपदेशक आणि सस्कॅचवानच्या रेडिओवर धान्याचे भाव सांगणारे गॉर्डन रेडफर्न. साऱ्यांना विचारलंय, की तुमच्या घरात १९१० साली बोटीने आलेला कुणी विल्फ्रेड आहे का. तुझा भाऊ क्लेटन म्हणतो, की आपल्या घराण्यातून न्यायाधीशाला पत्र गेलं ते हे पहिलंच, आणि तेही जामिनासाठी नव्हे.

तू तिकडची टेलिफोनची वही चाळ. लोभ आहेच, तो महिन्यातून एकदा तरी टपालपेटीत पडू दे.

तुझी
मर्टल


व्हँकूवर
ता. २७ जानेवारी १९७१

प्रिय मर्टल,

स.न. तुझं स्ट्रॉबेरीचं पत्र पोचलं. वॉर्डातल्या नर्सेसना वाटलं, मला जेवायचं आमंत्रण आलंय.

टेलिफोनच्या वहीत अकरा रेडफर्न आहेत. अकराही जणांना फोन केले. एक जण मलाच व्हॅक्यूम क्लीनर विकायला लागला. विल्फ्रेड कुणाकडे नाही.

खरं सांगू? दोन दिवस मी धुमसत होते. मी तिची पोटची मुलगी, बेचाळीस वर्षांची झाले, तरी मला कधी सांगितलं नाही, आणि तुला सफरचंदं सोलताना सांगितलं! मग एक आठवलं. शाळेत आम्ही एका मुलाला होमचा पोरगा, होमचा पोरगा म्हणून पिडायचो. ते मी घरी जेवताना हसत हसत सांगितलं, तेव्हा आईने माझं अर्धवट जेवलेलं ताट उचलून नेलं होतं. मला वाटलं, जेवताना बोलू नये म्हणून. आता कळतंय, की तिने मला का सांगितलं नाही.

पण मर्टल, जपून. पत्राच्या आशेवर जगणारी माणसं मी रोज पाहते. पत्र येत नाही, तेव्हा त्यांच्या उशाशी आम्हीच असतो. विल्फ असला तर सदुसष्टचा असेल. नसला तर? आशा लावायला तू आहेस, उपटायला कोण?

क्लेटनला म्हणावं, जामिनाची वेळ आली तर मला कळव.

तुझ्यावर रुसलेली, तरी तुझीच
लोइस


लेकफील्ड
ता. २२ फेब्रुवारी १९७१

प्रिय लोइस,

स.न.वि.वि. आशा मी लावली नाही गं. ती एकसष्ट वर्षांची जुनी आहे. मी नुसती तिला तिकिटं लावतेय.

उत्तरं आली. न्यायाधीशांच्या चिटणिसाच्या तीन ओळी, की साहेबांच्या घराण्यात कुणी बोटीने कामाला आलेलं नाही. कागद मात्र इतका जाड, की खालचा कोरा भाग कापून मी मुरंब्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या केल्या. गोलरक्षकाने सहीचा फोटो पाठवला, पुढचे दोन दात नसलेला. आई म्हणाल्या, की नाक विल्फचंच आहे. पण ते तीनदा मोडलंय, असं त्यानेच पत्रात लिहिलंय. शेवाळवाल्या बाईंनी सहा पानं लिहिली, आणि आपल्या विहिरीच्या उत्तरेच्या दगडावर शेवाळ असेल तर थोडं पाकिटातून पाठवाल का, असं विचारलं. मी पाठवलं. एकट्या असाव्यात बिचाऱ्या. धर्मोपदेशकांनी देणगीचं कार्ड पाठवलं. मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तिला तिकीट लागत नाही. रेडिओवाल्यांचं अजून काही नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. होमच्या दारात विल्फ आईंचा हात सोडेना. तेव्हा त्या म्हणाल्या, की नाताळपर्यंत मी तुला न्यायला येते. नाताळला त्यांच्या मालकिणीने सोडलं नाही. पुढच्या ऑक्टोबरात, अकरा वर्षांच्या असताना, त्या कुणाला न विचारता निघाल्या आणि नऊ मैल चालत, विल्फला नेलं होतं त्या शेतावर गेल्या. तिथल्या बाईने दार अर्धवट उघडून सांगितलं, की असला कुणी पोर इथे नाही, आणि दार लावून घेतलं.

आई म्हणतात, तो सापडून माझ्याकडे राहायला येईल असं मला वाटत नाही. फक्त मी गेले होते, एवढं त्याला कळायला हवं. नाहीतर तो जन्मभर समजत राहील, की अडा आली नाही.

डॉक्टर म्हणतात, पाय बरा होईल, हृदयाचं सांगता येत नाही. म्हणून घाई करते. तू रुसवा आवर आणि चार दिवस रात्री झोपण्यापूर्वी गुडघे टेक. तुला सवय नाही हे देवालाही माहीत आहे, तो सांभाळून घेईल.

तुझी
मर्टल


सस्कॅटून, सस्कॅचवान
ता. ९ मार्च १९७१

आदरणीय मिसेस मर्टल कोल्टर यांस,

स.न.वि.वि. तुमचं पत्र बरेच दिवस माझ्या टेबलावर पडून होतं. लाजेने पडून होतं, कारण मी रेडफर्न नाहीच. माझं नाव ओरेस्ट हरासिमचुक. पंधरा वर्षांपूर्वी या नोकरीला लागलो, तेव्हा साहेब म्हणाले, की हे नाव उच्चारेपर्यंत गव्हाचा भाव उतरलेला असेल. रेडफर्न त्यांनीच ठेवलं. माझे वडील अजून माझं नाव सांगून होईस्तोवर रेडिओ बंद ठेवतात आणि भाव ऐकण्यापुरता लावतात.

म्हणूनच खऱ्या रेडफर्नला कदाचित सुचलं नसतं ते मला सुचलं. तुम्ही त्या नावाची माणसं शोधताय. पण सहा वर्षांच्या पोराचं नाव टिकलं कशावरून? ज्याच्या घरी जेवायचं, त्याचं नाव चिकटतं. तेव्हा मागच्या मंगळवारी, गहू आणि बार्लीच्या मध्ये, मी तुमचं पत्र वाचलं. पण आडनाव मुद्दाम गाळलं, म्हणजे ते ज्याच्या तोंडून येईल तोच खरा. नुसतं विचारलं, की १९१० साली मोठ्या बहिणीबरोबर बोटीने आलेला आणि इथे नाव बदललेला विल्फ्रेड कुणाच्या घरी आहे का.

सतरा फोन आले. सोळा भलतेच. सतरावा फोम लेकजवळच्या एका सुनेचा. तिचे सासरे विल ओल्सन. आपण मूळचे कुठले, ते कधी सांगत नाहीत. पण थोरल्या मुलाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव त्यांनी ठेवलंय रेडफर्न. रेडफर्न ओल्सन! तुमच्या लोकांत म्हणे घराण्याचं हरवू घातलेलं आडनाव मुलाच्या नावात जपतात. घरच्यांना मात्र इतकी वर्षं वाटत होतं, की ते एखाद्या आवडत्या घोड्याचं असेल.

त्या दुपारी सासरेही ऐकत होते. बार्लीचा भाव यायच्या आत उठून गोठ्यात गेले. तेव्हापासून जेवायला येतात, पण बोलत नाहीत. पत्ता मागे लिहिला आहे. पुढचं तुम्ही जाणता.

आपल्या सासूबाईंना माझा नमस्कार. नाव उसनं असलं तरी तो खरा आहे.

आपला
ओरेस्ट हरासिमचुक


लेकफील्ड
ता. २९ मार्च १९७१

प्रिय लोइस,

स.न.वि.वि. रेडिओवाल्यांच्या पत्राची नक्कल तुला पोचलीच असेल. आईंना वाचून दाखवलं. मला भीती, की त्यांना सोसेल की नाही. त्यांनी पहिलं काय विचारावं? म्हणाल्या, की जेवतो ना, मग ठीक.

मला माझीच लाज वाटली. बायबलातली योसेफाची गोष्ट मी रविवारच्या शाळेत वीस वर्षं शिकवतेय. परदेशच्या राजाने, फारोने, त्याचं नाव बदललं होतं, हे मुलांकडून घोकून घेते. भाऊ समोर उभे राहिले तरी ओळखू शकले नाहीत. आणि मी कोशात र-च्या पानावर बोट ठेवून बसले!

विल्फमामांना मी दोन पत्रं लिहिली, तीही कोऱ्या कागदावर. उत्तर नाही. आई रोज टपालाच्या वेळी केस विंचरून बसतात. पत्राने हे काम होणार नाही, लोइस. तिथे माणूस जायला हवं. ईस्टरची रजा तुला आहे, आणि गाडी सस्कॅटूनवरून जाते. मी काही म्हणत नाही.

तुझी
मर्टल


फोम लेक
ता. १२ एप्रिल १९७१, ईस्टरचा सोमवार

प्रिय मर्टल,

स.न. काही म्हणत नाही म्हणणाऱ्या बायका फार भयंकर असतात. आले बघ.

दार मामांनीच उघडलं. माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. हनुवटी आईची आहे ना माझी. मग पुन्हा टोपी घातली, म्हणाले, की वासरं बघायचीत, आणि मागच्या दाराने निघून गेले. मी हॉस्पिटलातले बूट चिखलात घालून मागोमाग. मामा न वळता म्हणाले, की मला बहीण नाही. एक होती, ती नाताळला येणार होती. बारा नाताळ मोजले, मग सोडून दिलं.

मी सांगितलं, की ती आली होती. नऊ मैल चालत, एकटी. त्यांनी विचारलं, की कधी? म्हटलं, पुढच्या ऑक्टोबरात. ते वासराच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, की मला ऑगस्टमध्येच इकडे आणलं. त्या शेतकऱ्याचा एक ओळखीचा, ओल्सन, पश्चिमेला जमीन घेत होता, त्याला हाताखाली पोरगा हवा होता. ओल्सन माणूस चांगला होता. पोटभर घातलं, नाव दिलं. आणि निघताना त्या पहिल्या घरची बाई म्हणाली होती, की तुझ्या बहिणीला चांगलं घर मिळालंय, तिला तू नको आहेस.

मी नर्स आहे, मर्टल, रडत नाही. वासराने माझी बाही चघळली, तेव्हा मात्र रडले.

संध्याकाळी त्यांनी सुनेकडे कागद मागितला. सोबत जोडलाय. उघडून वाचलाय, ते आईला सांगू नकोस.

तुझी
लोइस


अडा हिस,

तुझी मुलगी सांगते, की तू आली होतीस. साठ वर्षं मी तुझ्यावर रागावलेला आहे. त्या रागावर मी शेत उभं केलं, तीन मुलं वाढवली. आता या वयात तो नेऊन कुठे टाकू, ते तूच सांग. मला पत्र लिहायची सवय नाही. पेरणी आटपली की येतो.

विल्फ


लेकफील्ड
ता. २४ जून १९७१

प्रिय लोइस,

स.न.वि.वि. विल्फमामा सोमवारी आले. तुला रजा मिळाली नाही, म्हणून जसं घडलं तसं सारं लिहिते. काही गाळलं तर तू मला सोडणार नाहीस.

आम्ही पीटरबरोच्या फलाटावर तासभर आधीच जाऊन बसलो होतो. आईंनी रविवारची हॅट घातली होती. गाडीतून एक उंच, वाकलेला म्हातारा उतरला. सरळ समोर आला, टोपी काढली आणि बँकेच्या साहेबाशी करावं तसं हस्तांदोलनाला हात पुढे केला. आईंनी हाताकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, की विल्फ, मी आले होते.

मामा म्हणाले, माहीत आहे, लोइसने सांगितलं. आई म्हणाल्या, की लोइस तिथे नव्हती. मी सांगते.

आणि तिथेच सुरुवात केली. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी निघाले, दोन मापं मोठे बूट होते, पाव खिशात होता पण तो तुझ्यासाठी म्हणून खाल्ला नाही, एका वळणावर कुत्रा आडवा आला. क्लेटन कुजबुजला, की मोटार आणू का, उन्हात उभी आहेत. मी त्याला चिमटा काढला. हमाल ढकलगाडी घेऊन आला, थबकला आणि वळसा घालून गेला. सदुसष्ट वर्षांचा तो माणूस मान खाली घालून, दोन्ही हातांत टोपी धरून उभा होता, वर्गात उभं केलेल्या मुलासारखा. त्या बाईने दार लावून घेतलं, इथपर्यंत सांगून आई थांबल्या.

तेव्हा मामांनी एकच विचारलं, की मग अडा, तू परत कशी गेलीस?

लोइस, हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. नऊ मैल जाणं आम्ही साऱ्यांनी ऐकलं, पण येतानाचे नऊ मैल कुणाच्या ध्यानातच आले नाहीत. आईंचं तोंड वेडंवाकडं झालं. मामांनी टोपी बाकावर ठेवली, तिच्या शेजारी आईंना बसवलं आणि स्वतः बसले. मग त्यांनी परतीचं सगळं ऐकून घेतलं. स्टेशनातली सारी माणसं गेली, तरी आम्ही दोघं लांब उभेच होतो. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि ओरेस्टच्या वडिलांना रेडिओ लवकर लावायची बुद्धी मागितली.

मामा महिनाभर राहतो म्हणाले आहेत. तुटलेलं कुंपण त्यांनी दोन दिवसांत उभं केलं. क्लेटन ते तीन वर्षं करणार होता. पुढच्या महिन्यात तू येशीलच, तेव्हा तुझ्या खोलीत त्यांचे बूट असतील, कुरकुर करायची नाही.

आईंनी ती गोष्ट काल दुपारी पुन्हा सांगितली, आज न्याहारीला तिसऱ्यांदा. रस्ता आता अकरा मैलांचा झालाय आणि कुत्रे दोन. मामा मध्ये बोलत नाहीत. नुसते ऐकतात, आणि आईंना श्वास घ्यायचा झाला की त्यांच्या पावाला लोणी लावून देतात.

लोभ ठेव, आणि येताना चिखलातले बूट धुऊन आण.

तुझी
मर्टल