पाच पुस्तकांची यादी

रोहा, मंगळवार, १९ जुलै १९९४

पेणचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर दिसेल, पुढचं सांगता येत नाही. म्हणून चाळीस पुस्तकांची यादी पाचावर आणली. वर एकही वाढवायचं नाही, ठरलं. पण अजून दुसऱ्याच पुस्तकात आहे आणि ओळी आत्ताच पुसट दिसतायत. पाच तरी होतील का?

संध्याकाळी बायकोने यादी हातात घेतली. चौथी शिकलेली ती. म्हणाली, "घाबरता कशाला? मी हाय ना. उरलेली वाचून दाखवीन. जोडाक्षर अडलं तर तुमच्या हातावर बोटाने काढीन, तुम्ही सांगा."

बरं वाटायला हवं होतं. पण हातावर काढीन म्हणाली. म्हणजे मला दिसणार नाय, हे तिनेही धरलंय.