वाजणारं दार

२ मार्च

स्वतःच्या हाताने काय काय केलं ते लिहून ठेवतो, मागाहून लोक विसरतात. कापडी झोपाळा — मूल आत बसलं की चहूबाजूंनी मिठी मारल्यासारखा आवळून धरणारा. वाळूचं टेबल, सगळ्या कडा गोल केलेल्या. लपून बसायची खोपटी, आतून जाड लोकरी कापड. बुटकी बाकं. लाकडी ठोकळे, एकालाही टोचणारं कुसळ नाही — गालावर घासून पाहिलेत. आणि पुढचं दार. जुनंच, पण उतरवलं, रंधा मारला, नव्या बिजागऱ्या टाकून उभं केलं. ओळंबा सोडून बघितलं, उभ्या रेषेत केसभर फरक नाही. एका बोटाने ढकलावं, आवाज म्हणून नाही. माझ्या हातचं दार वाजत नाही! कुणी शिकवलं नाही मला हे. बिघडवून, पुन्हा करून शिकलो.

परवापरवापर्यंत हा माझा सुतारीचा कारखाना होता. आता इथे ऑटिझम असलेल्या मुलांचं केंद्र होणार. होणार म्हणजे — बाई हो म्हणाल्या तर. बाई मोठ्या हॉस्पिटलात मुलांवर उपचार करतात. माझी थोरली लेक तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, दोन बस बदलून तिथे नेते. नात सात वर्षांची, बोलत नाही. तिथल्या गर्दीला आणि दिव्यांच्या गुणगुणीला इतकी बिचकते की निम्मा वेळ पॅसेजमध्ये आडवी पडून असते. बाईच एकदा म्हणाल्या, "शांत जागा मिळाली तर मी नोकरी सोडून येईन. पण आधी मुलं तिथे टिकतात का, ते बघू दे."

जागा मी दिली. घर याच्याच वरच्या मजल्यावर, माझं काय अडलंय?

४ मार्च

कंत्राटदाराचा फोन. नवं हॉटेल होतंय, त्याची सगळी दारं. "न वाजणारी दारं तुमच्याशिवाय कोण करतं हो, मास्तर?" खरंच आहे. कोणी करत नाही! पण त्यासाठी मशिनं पुन्हा इथेच मांडावी लागतील. विचार करून सांगतो म्हटलं.

९ मार्च

फजिती.

बाईंनी आज दोघांनाच बोलावलं होतं — नात, आणि एक गुबगुबीत मुलगा. आवाजाला इतका भितो की कान झाकणारी जाड पट्टी लावूनच हिंडतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं पहिलवान. पहिलवान झोपाळ्यात शिरला तो शिरलाच. त्याची आई म्हणते, "घरी पाच मिनिटं एका जागी बसत नाही हो!" माझी छाती ही एवढी!

मग नात आली. दारातच थांबली. दार ढकललं, ओढलं. ढकललं, ओढलं. फळीला कान लावला. पुन्हा ढकललं. आणि मग जी किंचाळली! थोरलीचा हात झटकून रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. आत यायलाच तयार नाही. हिच्यासाठी तर मांडलं सगळं! याच जागेत रांगली, भुश्यात लोळली, माझ्या कामाच्या टेबलाखाली झोपली.

"काका, नेमकं काय काय बदललंत?" बाईंनी विचारलं. मी अगदी खिळ्यापर्यंत सांगितलं, अभिमानाने. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिच्या ओळखीचं काही ठेवलंच नाही तुम्ही." राग आला. खरं असलं की येतोच मला.

जाताना म्हणाल्या, "शनिवारी अजून एकदा बघू. त्यानंतर मात्र मला हॉस्पिटलात काय ते सांगावं लागेल."

थोरली रस्त्यावर, लेकीशेजारी फतकल मारून. मला दिसू नयेत म्हणून पाठ फिरवून डोळे पुसत होती.

दुपारी एक फोन केला. बाकी दिवस वाया.

१० मार्च

पटाश्यांना धार लावत बसलो. धार होतीच.

११ मार्च

स्वयंपाकघरातलं कपाट!

घरात तेवढं एकच दार वाजतं. बायको हात लावू देत नाही. "राहू द्या. एक तरी बोलतंय घरात!" हा टोमणा मला पाठ आहे. आज नात वर आली होती. कपाटाशी उभी. उघडते — कुर्र — हसते. मिटते — कुर्र — हसते. मी आपला सवयीने तेलाची बुधली घेऊन उठलो. बायकोने मनगटच धरलं.

"खबरदार! जरा बघा तिच्याकडे."

बघितलं. आणि बुधली हातात धरून खांबासारखा उभा राहिलो.

कारखान्याचं दार असंच कुरकुरायचं. गिऱ्हाइकं हसायची — सुताराच्याच दाराची ही कथा! लाज वाटायची, पण स्वतःच्या दाराला वेळ कुठला. कोणी आत आलं की ते वाजायचं आणि ही भुश्यातून मान वर करून बघायची. हाका मारून घसा बसला तरी बघत नसे, दार वाजलं की बघायची. तो आवाज मीच घालवला. तिच्या लेखी ते दारच राहिलं नाही!

बायकोला सांगितलं. म्हणाली, "मग आणा परत. एवढे कारागीर ना तुम्ही?"

१२ मार्च

सोपं नाही. जुन्या बिजागऱ्या भंगाराच्या डब्यात सापडल्या — मी काही टाकत नाही. घासून वंगण काढलं, बसवल्या. दार मुकं! मग ध्यानात आलं, सरळ उभ्या दाराला कुरकुरायचं कारणच काय? पूर्वी ते खांदा टाकून लटकायचं. खालच्या बिजागरीमागे पाचर सारली. ओळंबा सुटला. म्हणजे वाकडं दार — मुद्दाम — माझ्या हाताने!

आवाज आला, पण उंदराचा. पाचर बदलली. आता खाटेचा. दिवसभर उघडतोय, मिटतोय, मान हलवतोय. शेजारचा शिंपी डोकावला. "काय मास्तर, गाणं शिकवताय दाराला?" म्हटलं, "सूर लागत नाही लेकाचा."

शेवटी बायकोला खाली बोलावलं. तिने डोळे मिटून ऐकलं. "हं. हाच. या आवाजावर मी वर चहा टाकायचे."

इतकी वर्षं! मला वाटायचं, हिला कसं कळतं गिऱ्हाईक आलं ते.

१४ मार्च

नात दाराशी थांबली. थोरलीने माझी बाही गच्च धरली. नातीने ढकललं. कुर्रर्र. पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा — मला खात्री आहे, ती मजा म्हणून.

आणि आली की आत! सरळ खोपटीत, लोकरी कापडाला गाल लावून बसली. बाई लांब जमिनीवर बसल्या. बऱ्याच वेळाने नातीने एक ठोकळा त्यांच्याकडे सरकवला. बस्स, एवढंच. पण बाईंचा चेहरा बघायला हवा होता.

तेवढ्यात पहिलवान आला. दाराचा आवाज ऐकला मात्र, बाहेरच बसकण! मी कपाळावर हात मारला.

"अहो काका, मागे दार आहे ना? ते वाजतं का?"

"माझ्या हातचं आहे ते!"

"मग तो मागून येईल."

आला. कान न झाकता आला! पुढचं दार नातीचं, मागचं पहिलवानाचं. अशी अजून कितीतरी मुलं येतील, म्हटलं, आणि माझ्याकडे दारं दोनच. बाई हसल्या. "भिंती आहेत की. तुम्ही आहात."

१६ मार्च

बाईंनी राजीनामा दिला! थोरली वर आली, माझ्या हातातला रंधा काढून बाजूला ठेवला, "बाबा," म्हणाली आणि माझ्या सदऱ्यावरचा भुसा झटकत राहिली. शिंपी गल्लीभर सांगत सुटलाय — मास्तरांचा हात गेला, दार वाजतंय. सांगू दे.

१७ मार्च

थोरलीने विचारलं, "बाबा, त्या हॉटेलच्या कामाचं काय झालं?" बारगळलं म्हणालो. इथे खरं लिहितो. एकशे चाळीस दारं, बावीस लाख. नाही म्हणून मीच कळवलं — नऊ तारखेला दुपारी, नात रस्त्यावर बसून होती तेव्हा.