ग्लासावरची फुली

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं आईने फोनवर कळवलं. तुमच्याशीही बोलायचं होतं, पण दुकानात रसाचं यंत्र चालू असलं की तुम्हाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. म्हणून ही तक्रार लेखी करते आहे.

माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बाकाच्या वर एक चित्र आहे. रसाचा ग्लास, त्यात नळी, शेजारी रडवेला दात आणि ग्लासावर मोठी लाल फुली. तुम्ही इथे होतात तेव्हा रोज सकाळी त्याच बाकावर पेपर वाचत बसायचात. काल एका बाळाच्या आईने मला विचारलं, की दात चांगले येण्यासाठी रोज किती रस द्यायचा. मी चक्रावले. बाहेर येऊन बघते तर फुली गायब. तिच्या जागी फळांवर असतात ती गोल चिकट लेबलं, एकाला एक लावून, फुलीचा मागमूस राहणार नाही अशी. ग्लासाला बक्षीस मिळाल्यासारखं दिसत होतं. बाबा, बाहीला फळांची लेबलं चिकटवून फिरणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

दुसरी तक्रार तुमच्या नातीबद्दल. दंतवैद्यिणीची मुलगी आणि तोंडात एकही दात नाही, म्हणून तुम्ही तिचं नाव बोळकी ठेवलंत, ते मी सोडून दिलं. पण निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला मांडीवर घेऊन पडद्याआड वाटी-चमचा घेऊन बसला होतात. विचारलं तर म्हणालात, की तिला चमचा म्हणजे काय ते समजावतो आहे. वाटीत संत्र्याचा रस होता.

आता स्पष्टच लिहिते. बोळकी वर्षाची होईपर्यंत तिला रस नाही. पाणी घालून नाही, चमचाभर नाही, नुसती जीभ ओली करायलाही नाही. तिचं पोट एवढंसं. त्यात रस गेला की दुधाला जागा उरत नाही. फळ द्यायचं ते मऊ करून, कुस्करून. रसात साखर तेवढी उतरते आणि फळातला उपयोगाचा भाग तुमच्या चोथ्याच्या बादलीत जातो. हे काही मी एकटी म्हणत नाही, तिच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं आहे. तुमच्याकडून तसं लेखी वचन हवं.

आईला नमस्कार. राग आला तरी चालेल, पण मायेत पाणी घालून ती पातळ करू नका.

तुमची,
दंतवैद्यीण


९ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाईंस,
अ. उ. आ.

तक्रार पोचली. लेबलांबद्दल मी कानावर हात ठेवतो. फळं सोलताना ती काढून बाहीला लावायची मला सवय आहे, हे खरं. पण ती उडतात. तुझ्या दवाखान्यात पंखा फार जोरात आहे. सगळी नेमकी फुलीवरच जाऊन का बसली, ते पंख्याला विचार.

वचनाआधी दोन शंका. समोरच्या कोर्टातले वकीलसाहेब रोज डाळिंबाचा रस पिता पिता मला फुकट सल्ला देतात, त्यांनीच त्या काढून दिल्या आहेत. सोललेली संत्र्याची फोड मी बोळकीच्या हातात दिली आणि तिने ती मुठीत दाबली, तर रस कोणी काढला असं धरायचं, आजोबांनी की नातीने? आणि मी स्वतः रस पिऊन लगेच तिचा पापा घेतला, तर तो गुन्हा कोणाचा? उलटटपाली खुलासा करावा.

आता थट्टा पुरे. एक गोष्ट मनात टोचते आहे, ती लिहून टाकतो. तुझ्या चित्रातला ग्लास माझाच आहे. तसाच खाली निमुळता, तशीच पट्ट्यापट्ट्यांची नळी. आठवडाभर मी त्याच्याखाली बसलो. आलेला माणूस आधी चित्राकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मला वाटायचं की फुली माझ्याच डोक्यावर काढली आहे. या ग्लासांवर तू वाढलीस आणि शिकलीस. शाळेतून आलीस की काउंटरवर चढून गृहपाठ करायचीस, तुझ्या वह्यांना संत्र्याचा वास यायचा. पण तुझ्याकडच्या लोकांशी ओळख करून देताना मी काय करतो ते तू एकालाही सांगितलं नाहीस. बाबांचा व्यवसाय आहे, एवढंच म्हणालीस. तुला दुकानाची लाज वाटते का, ते मला विचारायचं आहे.

वचन देतो. वर्ष होईपर्यंत माझ्या हातून तिला थेंब मिळणार नाही. पण वर्ष झालं, की पहिला घोट माझ्याच हातचा. तोवर जावईबापूंवरही नजर ठेव. माझ्या दुकानात आले की ते चोरून दोन ग्लास पितात आणि घरी काही न प्यायल्यासारखे साळसूद येतात.

लोभ आहेच, फुली पुसलीस तर वाढेल.

तुझा बाप
(व्यवसाय: रस काढणे)


५ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. बोळकीला खालचे दोन दात आले आणि घरातल्या प्रत्येकाच्या बोटावर त्यांची खूण आहे. तिला कुस्करलेलं केळं आवडतं, वाफवलेलं सफरचंद त्याहून आवडतं. वकीलसाहेबांना कळवा, की रस कोणी काढला हा प्रश्न नंतरचा, कपडे कोणी धुवायचे ते आधी ठरवा. पाप्याच्या आधी चूळ भरावी, हा माझा निकाल.

लाजेचं काय काढलंत, काहीतरीच तुमचं. ते चित्र टूथपेस्टच्या विक्रेत्याने आणून दिलं आणि मी न बघता लावून टाकलं.

मे महिन्यात ती वर्षाची होईल. त्यानंतरही रस म्हणजे रोजचा रतीब नाही. कधीतरी, थोडासा, जेवणाबरोबर आणि कपाने. बाटलीत भरून दिला की मुलं दिवसभर चोखत बसतात आणि दात किडतात, असे दात मी रोज बघते. वाढदिवस आमच्या घरी करायचा आहे. माझ्याबरोबरचे सगळे डॉक्टर येणार आहेत. त्यांच्यासमोर रसावरून तुमची-माझी जुंपायला नको, तेव्हा तुम्ही दोघं नुसते या, यंत्र आणू नका. घोटाचं मागाहून कधीतरी बघू.

घाईत आहे. माया आहे तशी असू द्या.

तुमची,
दंतवैद्यीण


२ एप्रिल

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बाबांच्या नकळत लिहिते आहे. ते वाढदिवसाला येणार नाहीत. उन्हाळ्यात दुकान सोडता येत नाही असं त्यांनी मला सांगितलं आहे आणि मी तुला तसं सांगावं अशी त्यांची इच्छा आहे. ते मी सांगितलं. आता खरं काय ते ऐक.

गेल्या आठवड्यात एक तरुण बाई बाबागाडीत बाळ घेऊन दुकानात आली. तिने दुधाची बाटली पुढे केली आणि सफरचंदाचा रस भरून मागितला. यांनी बाळाचं वय विचारलं. आठ महिने म्हटल्यावर यांनी हातातलं सफरचंद खाली ठेवलं. मग पोट एवढंसं असतं, दुधाला जागा उरत नाही, उपयोगाचा भाग बादलीत जातो, असं तुझं अख्खं पत्र त्यांनी तिला तोंडपाठ म्हणून दाखवलं. हातवारेसुद्धा तुझेच होते. रस पिऊ नका म्हणणारा रसवाला आपण पहिल्यांदाच बघतो आहोत, असं ती बाई म्हणाली आणि जायला निघाली. यांनी तिला थांबवलं, पिकलेलं केळं बशीत कुस्करून दिलं. बाळाने बशी पुसून खाल्लं. दुकान बंद करायचा विचार आहे का, अशी चौकशी वकीलसाहेबांनी केली.

तेव्हापासून काउंटरवर पाटी आहे. वर्षाच्या आतल्या गिऱ्हाइकांनी रस मागू नये, बाटली घेऊन येणाऱ्यांनी आधी वय सांगावे, असं तिच्यावर लिहिलं आहे. वकीलसाहेब पाण्याची बाटली घेऊन येतात, त्यांना यांनी खरोखर वय विचारलं. त्यावरून दोन दिवस त्यांचं बोलणं बंद होतं.

आता हसू नकोस, पुढचं वाच. यांनी एक छोटा कप आणला आहे, बाहुलीच्या खेळातला वाटावा एवढा. तो साखरेच्या डब्याच्या मागे लपवला आहे. मी खोलीत नाही असं वाटलं की काढतात, पुसतात आणि परत ठेवतात. यंत्र आणू नका हे तुझं वाक्य त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. आपण रसवाले, डॉक्टर मंडळींत शोभायचो नाही, असं म्हणतात. तसं काही नाही, असं मी म्हणते. पण मलाही नक्की ठाऊक नाही गं. त्यांनी तुला काहीतरी विचारलं होतं म्हणे. उत्तर त्यांना दे, मला नको.

बोळकीच्या दोन्ही दातांना माझा पापा.

तुझी,
आई


९ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलेलं मी हसण्यावारी नेलं. आता सरळ उत्तर देते. दंतवैद्यीण आणि रसवाल्याची मुलगी, असं कळलं असतं तर माझ्याबरोबरचे लोक हसले असते, आणि ते हसू मला नको होतं. म्हणून मी व्यवसाय म्हणाले. दुकानाची लाज वाटते का? थोडी वाटली होती. ती वाटली याचीच आता जास्त लाज वाटते.

बोळकीचा वाढदिवस तुमच्या दुकानात करायचा. डॉक्टर मंडळींना मी तिथेच बोलावलं आहे, गाड्या करून येतील. यंत्र तिथे आहेच, त्यामुळे ते आणण्याचा प्रश्न येत नाही. अटी ऐका. फळ धुतलेलं हवं. रस माझ्या डोळ्यांसमोर काढायचा, साखर-बर्फ घालायचा नाही. तिचं खाणं झाल्यावर, छोट्या कपातून. छोटा कप तुमच्याकडे नसेलच, मी घेऊन येईन.

अट मोडलीत तर दाढ काढीन, तीही भूल न देता. एरवी नेहमीइतकीच तुमची,

दंतवैद्यीण


१२ मे

चि. बोळकीस,
अ. उ. आ. आणि एक पापा (चूळ भरून).

तुला हे पुढे आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. तोवर तुझ्या आईने वाचून दाखवावं आणि न आवडलेला मजकूर गाळू नये. गाळायचं काम आमच्या दुकानात होतं.

तुझी आई गृहपाठ करायची त्याच काउंटरवर आम्ही तुला बसवलं. दंतवैद्य मंडळी आधी अवघडून उभी होती. मग एकाने ग्लास घेतला, आणि बघता बघता सगळ्यांनी घेतले. रस पिऊन झाला की प्रत्येक जण मागच्या नळावर जाऊन चूळ भरून यायचा आणि पुन्हा ग्लास घ्यायचा. तुझे बाबा पहिल्यांदाच उघडपणे प्यायले. चोरून पिण्यात जास्त मजा होती, असं त्यांनी मला कानात सांगितलं.

यंत्र चालू होतं. तेवढ्यात तुझ्या आईने माझा दंड धरला आणि सगळ्यांना सांगितलं, की हे माझे बाबा, यांचं रसाचं दुकान, आणि मी या काउंटरवर लहानाची मोठी झाले. यंत्र चालू असताना मला ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं आहे. मला सगळं ऐकू आलं. माझे डोळे भरून आले, ते मी संत्र्याच्या सालीवर ढकललं.

मग मी छोटा कप काढला. तुझ्या आईने तो बघितला, तुझ्या आजीकडे बघितलं, आणि आपला आणलेला कप पिशवीत परत ठेवला. आजी छताकडे बघत होती. मी संत्रं पिळलं. वकीलसाहेबांनी नीट दिसावं म्हणून चष्मा पुसला. तू घोट घेतलास, तोंडात धरलास, माझ्याकडे बघितलंस, आईकडे बघितलंस, आणि सगळा माझ्या नव्या शर्टावर सोडलास. शिवाय हात पुढे करून बशीतला चोथा मूठभर उचललास आणि मिटक्या मारत खाल्लास. एवढी वर्षं मी तो बादलीत टाकतो आहे. तुझी आई बादलीकडे बघून हसली आणि कपातला उरलेला रस पिऊन टाकला.

तिने माझ्यासाठी गुंडाळी करून एक चित्र आणलं होतं. स्वतः काढलं आहे. ग्लास तोच, निमुळता, पण त्याच्यावर फुली नाही. फुली शेजारच्या दुधाच्या बाटलीवर आहे, कारण तिच्यात रस भरलेला आहे. असंच एक तिच्या दवाखान्यात लागलं आहे, टूथपेस्टवाल्याचं काढून. दोन्ही चित्रांच्या खाली तिची सही आहे आणि सहीखाली रसवाल्यांची मुलगी असं लिहिलं आहे. गिऱ्हाइकं वाचतात आणि माझ्याकडे बघतात. बघू देत.

एक राहिलं. तुम्ही निघालात तेव्हा तुझ्या आईच्या दवाखान्याच्या बॅगेवर संत्र्याचं एक लेबल चिकटलेलं होतं. ते तू लावलंस, असं माझं म्हणणं आहे. काल ती फोनवर आजीला म्हणाली, की ते तिने काढलेलं नाही, रोज तशीच बॅग घेऊन जाते. कोणी विचारलं तर पंख्याचं नाव सांगते.

दात वाढव, लोभही वाढव.

तुझे,
रसवाले आजोबा