चार हिसके

३ मे
आलो एकदाचा ऑर्कनी बेटांवर. बोट झकास आहे. झोपायची फळी इंजिनाच्या वरच, त्यामुळे पाठ आयती शेकून निघते. ही वही पाण्याखालीही चालते, पेन्सिल तिलाच बांधलेली.

‘मार्विग’ नावाच्या बुडालेल्या आगबोटीच्या इंजिनखोलीत एक पितळी पाटी आहे. मालक मॅन्सी म्हणाला, तीन बुड्यांत ती आण, मग हंगामभर माझ्याकडे पाणबुड्या म्हणून राहा. नाहीतर ग्लासगोला परत जा आणि मासे साफ करत बस. माझ्या बोटांना अजून तो वास येतो.

पाणी गढूळ, म्हणून कमरेला दोरी. वरचं टोक त्याच्या बहिणीच्या, इंगाच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक. चार म्हणजे वर घ्या. आलेले हिसके तसेच परत द्यायचे, आणि परत दिले की शब्द दिला, मग ते करायचंच. बाकीचे इशारेही तो सांगत होता, पण बोटीशेजारी एका सीलने डोकं वर काढलं. हुबेहूब आमच्या हेडमास्तरांचं टक्कल. मी तेच बघत बसलो.

५ मे
पाणी इतकं गार की ओठ दुसऱ्या कुणाचे वाटतात. पाटी दिसली, हात लावणार तोच चार हिसके. नियमाप्रमाणे चार परत दिले. वर आलो तर मॅन्सी म्हणतो, एवढ्यात? अजून चहासुद्धा टाकला नाही. मी म्हटलं, तुम्हीच बोलावलंत. इंगा म्हणाली, मी कशाला बोलावू, चार तूच दिलेस म्हणून ओढलं.

६ मे
पुन्हा तेच. एक स्क्रू निघाला होता! चार आले, चार दिले, वर. मी चिडून म्हटलं, पाटी नको असेल तर सरळ सांगा. मॅन्सी म्हणाला, ग्लासगोवाल्या, भीती वाटली तर वाटली म्हण, दोरीवर कशाला ढकलतोस? दोघं खिदळली. रागाने जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण रागाने.

७ मे
वादळ. पत्ते खेळताना विचारलं, आगबोट बुडाली कशी. इंगा म्हणाली, कोळशाच्या कोठीत एकजण दोरी बांधून उतरला होता. पाणी शिरल्यावर त्याने चार हिसके दिले. वरच्याने चार परत दिले, आणि दोरी टाकून होडीत उडी मारली.

मग तिने विचारलं, तुला चार आले ते परत दिलेस का रे? मी म्हटलं, दोन्ही वेळा. तिने पत्ते खाली ठेवले. मॅन्सी म्हणाला, उद्या उतरायचं नाही. म्हणजे नोकरी गेलीच. भांडभांड भांडलो. उतरणार.

८ मे, खाली
स्क्रू काढताना सुरी मोडली. पाटी निघेना. चार हिसके —
माझी दोरी वर सैल तरंगतेय. हिसके तिच्यावर नाहीत.
कमरेला दुसरी दोरी आहे. काळी. मी बांधलेली नाही. कोठीत गेलीय.

परत दिले नाहीत. माझ्या दोरीवर इंगाला चार दिले. तिचे चार आले. ओढतेय, हळूहळू —
काळी ताणली. जड. मी एकटा वर चाललो नाही —

इंगाला थांबवायला हवं. थांब म्हणजे किती हिसके? मॅन्सी सांगत होता तेव्हा मी सील —
दोन? तीन