डोंगराचं अंडं

केप टाउन
२ जून १९९८

ती. आब्रामदादास,
सा. न. वि. वि.

वणव्यात आईनं माझ्या नावे केलेल्या जागेवरचं पिवळ्या फुलांचं झुडूप जळाल्याचं तू कळवलंस, तेव्हापासून तिकडचा विषयच नकोसा झालाय. अख्ख्या डोंगरात त्या जातीचं तेवढंच उरलं होतं. आता कुणासाठी जागा सांभाळायची? इथल्या एका गृहस्थाला तिथं सुट्टीचं घर बांधायचंय. पुढच्या आठवड्यात सही करते म्हणालेय.

समुद्रातल्या खडकांना बिलगणाऱ्या त्या गोल, काटेरी जिवासारखं, समुद्राच्या अंड्यासारखं हे फूल, म्हणून आपण त्याला ‘डोंगराचं अंडं’ म्हणायचो, आठवतं? तूही त्यातलाच. बाहेरून टोचरा. आत नुसती चरबी, असं वहिनी म्हणते.

संमती कळव. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
दोरा

गान्सबाय
६ जून १९९८

चि. दोरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ‘चरबी’पाशी ती एवढी हसली की चुलीवरचं कालवण करपलं. ते पाप तुझ्या माथी.

आता सहीचं. तुझा तो गृहस्थ जागा पाहायला इथं आला होता, तेव्हा बंदरावर माझ्या पाठीमागे उभा राहून सोबत्याला सांगत होता, की बाईचं मन उडालंय, आता घाई करायची. माझं पोट सुटलंय, कान शाबूत आहेत.

मी जन्मभर पाण्यात बुड्या मारून शिंपल्यांचा धंदा उभा केला, मला झाडांतलं काय कळणार? समुद्राचं अंडं खडकावरून काढून दुसऱ्या खडकावर ठेवलं तरी बिलगतं. हे झुडूप हलवलं की मेलंच. पण आई ओरडायची ते आठव. अंडी उगाच उलटू नका, काट्यांखाली शिंपल्यांची पिल्लं लपलेली असतात!

ते आठवून काल तिथं गेलो आणि जळक्या बुंध्याशी गुडघे टेकले. उठताना वहिनीला हाक मारावी लागली, ते सोड. मुंग्यांनी पूर्वी ओढून पुरलेल्या बिया आगीनं जाग्या झाल्यात. पावसानं राख बसलीय आणि तिच्यातून जाड पानांची रोपं वर आलीत. दोरा, नाव आपणच ठेवलं आणि आपणच विसरलो.

सही तुझी, जागा तुझी. मी फक्त पाहिलं ते लिहिलं. घरच्यांना आशीर्वाद, आणि माझ्यावरचा राग फार दिवस पुरवू नकोस.

तुझा,
आब्राम

केप टाउन
११ जून १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग हसले. गृहस्थ कागद घेऊन आला होता. त्या जळक्या रानात आता काय ठेवलंय, असं विचारत होता.

म्हटलं, अंडी उबवायला ठेवलीत.

फुलं आली की बोलाव. वहिनीला नमस्कार. तुझ्या काट्यांखाली मलाही जागा असू दे.

तुझी,
दोरा